पुरेसं दिसतं, पण कुणाला?

दिवाळीत मामेभाऊ व्हीआर हेडसेट घेऊन घरी आला. फराळाच्या बश्या बाजूला सारून प्रत्येकानं तो डोक्याला बांधून पाहिला. कुणी समुद्राच्या तळाशी फिरून आलं, कुणी उंच इमारतीवरच्या फळीवर उभं राहून किंचाळलं. माझी पाळी झाल्यावर भावानं विचारलं, "डिस्प्ले बरा आहे ना आता?" मी म्हटलं, "बरा आहे. पण बारीक अक्षरं अजून धूसर दिसतात." तो म्हणाला, "थांब थोडी वर्षं. मग खऱ्यात आणि यात फरकच कळणार नाही."

तो 'मग' माझ्या डोक्यातून जाईना.

आधी त्याचं म्हणणं तपासून पाहू. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. त्यातली ६/६ ची ओळ वाचणारी नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा टिपते. म्हणजे पडद्यावरचे ठिपके दिसूच नयेत असं वाटत असेल, तर नजरेच्या प्रत्येक अंशात सुमारे ६० पिक्सेल हवेत. २०१३ साली आलेल्या ऑक्युलस रिफ्टच्या पहिल्या डेव्हलपर किटमध्ये एका डोळ्याच्या वाट्याला ६४० बाय ८०० पिक्सेल यायचे. भिंगातून पडदा इतका मोठा व्हायचा की पिक्सेलमधल्या काळ्या रेघा स्पष्ट दिसायच्या, खिडकीच्या मच्छरजाळीतून बाहेर बघावं तशा. २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्यामागे २०६४ बाय २२०८ पिक्सेल आले, अंशाला साधारण २५. २०२४ मध्ये विक्रीला आलेल्या ॲपल व्हिजन प्रोच्या दोन पडद्यांत मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल आहेत. जाळी जवळजवळ गेली. पण ६० अजून लांब आहे. धडधाकट नजरेचा माणूस क्वेस्ट ३ घालतो तेव्हा तक्त्याच्या हिशोबात तो साधारण ६/१५ चा होतो.

नुसते पिक्सेल वाढवूनही भागत नाही. खऱ्या जगात जवळची वस्तू बघताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातलं भिंग त्या अंतरावर फोकस करतं. आजच्या हेडसेटमध्ये डोळे वळतात, पण फोकस मात्र एका ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो. डोळ्यांच्या या ओढाताणीनं थकवा येतो.

तेव्हा तांत्रिक उत्तर सोपं आहे: अजून नाही, पण काम चालू आहे. प्रश्न इथं संपायला हवा होता. पण 'पुरेसं' हा शब्द एकटा उभा राहत नाही. पुरेसं कशासाठी, हे सांगावं लागतं.

२०२० साली दक्षिण कोरियातल्या एमबीसी वाहिनीनं एक माहितीपट दाखवला. एका आईची सात वर्षांची मुलगी आजारात गेली होती. तिची संगणकीय प्रतिमा बनवून व्हीआरमध्ये मायलेकींची भेट घडवली गेली. बागेत मुलगी धावत येते, वाढदिवसाचा केक असतो, हेडसेट आणि हातमोजे घातलेली आई रडत रडत हवेत तिचा चेहरा शोधते. ६० पिक्सेलचा निकष लावला तर तो डिस्प्ले नापास होता. मुलगीही बाहेरून बघणाऱ्याला कार्टूनसारखीच वाटते. तरी आईला ती पुरली. ठिपक्यांच्या मधल्या जागा तिनं स्वतःच भरल्या.

त्या बाईंना हसायला किंवा नीतीचे धडे द्यायला मी धजणार नाही. जिथं त्यांना जायचं होतं, तिथं जाणारी गाडीच नव्हती.

आता उलट टोक बघा. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकनं १९७४ च्या आपल्या पुस्तकात एक यंत्र कल्पिलं होतं. त्याला जोडून घेतलं की हवा तो अनुभव मिळतो, आणि आत असताना तो खोटा आहे हे कळत नाही. म्हणजे डिस्प्ले शंभर टक्के. तुम्ही स्वतःला त्याला कायमचं जोडून घ्याल का? त्याचं म्हणणं, बहुतेक लोक नाही म्हणतील, कारण आपल्याला केल्याची नुसती जाणीव नको असते. खरोखर काही करायचं असतं, कुणीतरी व्हायचं असतं.

मला वाटायचं, मीही नाहीच म्हणेन. मग लक्षात आलं की मी त्या यंत्राला थोडासा जोडलेला आहेच.

माझी आजी चिपळूणजवळच्या गावात राहते. आधी तिथं नेटवर्क फार वाईट होतं. व्हिडिओ कॉल केला की तिच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे आणि मग आवाज जायचा. म्हणून मी वर्षातून तीन-चारदा स्वारगेटहून एसटी पकडायचो. मग गावात फायबर आलं. चित्र स्वच्छ झालं. दर रविवारी आजी दिसू लागली, मागचं कपाट, त्यावरचं घड्याळ सगळं दिसू लागलं. माझ्या फेऱ्या चारावरून एकावर आल्या. हे मी ठरवून केलं नाही. 'भेट झाली' असं मनाला वाटायचं, एवढंच.

या मे महिन्यात गेलो. तिनं चहा केला. कपात ओतताना डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावर ठेवलं होतं. चहा बोटाला लागला की ती थांबत होती.

"आजी, तुला दिसत नाही?"

"दिसतंय की. थोडं धुक्यासारखं आहे."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बरेच दिवसांचा. दर रविवारी मी तिला एचडीमध्ये बघत होतो आणि ती माझ्या आवाजाच्या दिशेनं हसत होती. चित्र चांगलं होतं, पण फक्त माझ्या बाजूला.

म्हणून भावाच्या त्या 'मग'ची मला भीती वाटते. चित्र वाईट असतं तेव्हा काहीतरी कमी आहे याची आठवण तेच करून देतं. चित्र चांगलं झालं की ती आठवण आपली आपल्याला ठेवावी लागते. पडद्यावर मला हवं ते मी बघतो. चहाच्या कपावरचं बोट मात्र तिथं गेल्यावरच दिसतं, कारण ते मला दाखवावं असं कुणालाच वाटलेलं नसतं.

याचा अर्थ हेडसेट फेकून द्या असा नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला समुद्र दिसत असेल तर आजचे २५ पिक्सेलही पुष्कळ झाले. मी स्वतःला एवढंच विचारायचं ठरवलंय: हे मी जाता येत नाही म्हणून बघतोय, की जायचा कंटाळा आलाय म्हणून? पहिल्या कारणासाठी धूसर चित्रही पुरतं. दुसऱ्यासाठी ६० पिक्सेलही कमीच पडतील.

आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोर उभा होतो. तिनं डोळे मिचकावले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अगोबाई! दाढी कधी ठेवलीस रे?"

दाढी मी दोन वर्षांपासून ठेवतोय.