तिचा नकार

इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत उसाने वेढलेल्या एकेकट्या वस्त्या आहेत, आणि तेथील घरात रात्री उठलेला आक्रोश शेजारच्या वस्तीपर्यंत क्वचितच पोहोचतो. अशाच एका वस्तीवरील सुनेच्या अंगावरचे वळ पाहून अस्वस्थ झालेल्या अंगणवाडीताईंनी बारामतीच्या एका वयोवृद्ध वकिलांपुढे आपला पेच मांडला.

ताई : वकीलसाहेब, ती म्हणते, ‘कुणाला सांगू नका, मला इथंच नांदायचंय.’ मी गप्प राहू की वर्दी देऊ?

वकील : 2005च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने तुम्हांला मुभा दिली आहे. घरगुती हिंसेचा सकारण संशय आलेला कोणीही इसम संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. परंतु 1887 साली मुंबईच्या न्यायालयाने नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना नवऱ्याकडे जाण्याचा, न गेल्यास सहा महिने कैद भोगण्याचा हुकूम फर्मावला, तेव्हा धर्माच्या आणि कुलाच्या नावाने पायदळी गेली ती एका स्त्रीची इच्छाच. तो अन्याय आपण मानतो, तर हिची इच्छा आपण कोणत्या अधिकाराने डावलावी?

ताई : रखमाबाईंच्या लढ्याच्या आरंभी सखाराम अर्जुनांसारखे सावत्र वडील त्यांच्या पाठीशी होते. हिच्या पाठीशी कोण? सातबारा सासऱ्याच्या नावे, माहेरचे म्हणतात जमवून घे, आणि माझ्याशी बोलताना सासू उंबऱ्यात उभी.

वकील : घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी ती जेथे संसार करत आली तेथून तिला बेकायदा हुसकावता येत नाही, आणि असे घरही कायद्याच्या दृष्टीने सामायिक ठरू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला आहे. हे तिला कोणी सांगितले आहे काय?

ताई : कोण सांगणार?

वकील : मग ज्या नकाराला दुसरा मार्गच ठाऊक नाही, त्याला मी अद्याप तिचा निर्णय म्हणणार नाही. शिवाय वर्दी म्हणजे फिर्याद नव्हे. संरक्षणाच्या हुकुमासाठी अधिकाऱ्याने अर्ज करायचा तो तिची इच्छा असेल तरच.

ताई : पण सरकारी गाडी वस्तीवर आली, की त्याच रात्री तिला दुप्पट मार. वर्दी माझी आणि वळ तिच्या अंगावर!

ताईंचा हा आक्षेप मला या साऱ्या चर्चेत सर्वांत वजनदार वाटतो, कारण उपकाराचा भुर्दंड दुसऱ्याने भरावा अशी तजवीज करण्याचा हक्क कोणत्याही हितचिंतकाला नाही.

वकील : तर गाडी वस्तीवर नेऊच नका. पोराचे वजन करायला ती अंगणवाडीत येते ना? तेथे सासूच्या नजरेआड अधिकाऱ्यांची गाठ घालून द्या, तिचे हक्क तिच्या कानी पडू द्या, आणि मग ती काय म्हणते ते ऐका.

ताई : वजनाचा दिवस पुढल्या महिन्यात. आणि गेल्या पंधरवड्यात नवऱ्याने तिचा गळा आवळला होता.

वकील : हे आधी का नाही सांगितलेत? ताई, गळ्याला हात गेला म्हणजे आता जिवावर बेतले आहे; पुढल्या महिन्याची वाट पाहू नका. उद्याच काही निमित्त काढून तिला अंगणवाडीत बोलवा, मी कळवणार आहे असे तिला तोंडावर सांगा, रात्री आसरा कोठे मिळेल ते ठरवा, आणि मग कळवा. ती रागावली तरी कळवा. पण तिच्या पाठीमागे नको.