निष्ठेचे मोल आणि थैलीची मर्यादा

एखाद्याने एके ठिकाणी घालवलेल्या वर्षांना काही नैतिक मोल असते काय, हा प्रश्न आपल्या सीमाभागातील जुन्या घराण्यांना नवा नाही. बेळगाव-निपाणी परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या माणसांना ‘राहणे’ ही केवळ सवय वाटत नाही. त्यातून काही हक्क निपजतो, अशी त्यांची धारणा असते. हाच प्रश्न आज व्यावसायिक खेळांत पैशाच्या भाषेत विचारला जातो, आणि त्याचे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे.

चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडून प्रो कबड्डी लीगमध्ये उतरला. बोली होती ३६.४ लाख रुपयांची. पहिल्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले, आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटींना घेतले. त्या वेळी प्रत्येक संघाची थैली ४.४ कोटींची होती. म्हणजे तिचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्यावर खर्च झाला. २०२१ मध्ये इतरांची बोली चढली, तेव्हा टायटन्सने अंतिम बोलीची बरोबरी करण्याचा हक्क वापरून १.३० कोटींना त्याला राखले. २०२३ मध्ये तो १ कोटीला हरियाणा स्टीलर्सकडे गेला.

थैलीला मर्यादा घालण्यामागचा हेतू न्याय्य आहे. ती नसेल, तर धनाढ्य संघ सारे उत्तम खेळाडू गोळा करील आणि स्पर्धेत अर्थ उरणार नाही. पण एकत्र कुटुंबात जमीन तेवढीच असता थोरल्याचा वाटा वाढला, की धाकट्याचा घटतो. तसेच येथेही होते. नामवंत खेळाडूला राखण्याची किंमत पुष्कळदा मालक देत नाही. ती त्याच संघातील अल्प मानधनाच्या खेळाडूंच्या वाट्यातून जाते.

अमेरिकेतील बास्केटबॉल संघटनेपुढे हाच पेच उभा राहिला. १९८३ च्या करारानुसार १९८४-८५ च्या हंगामापासून तेथे संघाच्या एकूण वेतनावर ३६ लाख डॉलरची मर्यादा आली. परंतु स्वतःच्या खेळाडूशी पुन्हा करार करताना ती ओलांडण्याची मुभा ठेवली गेली. बॉस्टनच्या लॅरी बर्ड याच्या नावाने ती सवलत ओळखली जाते. पुढे तिच्या पूर्ण लाभासाठी तीन हंगामांची अट आली. म्हणजे सहवासाची वर्षे नियमाने मोजली, आणि त्यांचा भार सहकाऱ्यांच्या वाट्यावर टाकला नाही. उलट बाजूने आक्षेप असा, की अशा सवलतीचा लाभ पुन्हा श्रीमंत संघालाच अधिक होतो. तो आक्षेप आम्हांस खोटा वाटत नाही.

तथापि दोन्ही व्यवस्थांतला मुख्य भेद रकमेचा नाही, संमतीचा आहे. तेथे करार संपलेला खेळाडू ‘मी जातो’ असे म्हणू शकतो. म्हणून त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणता येते. डर्क नोविट्स्की याने २०१४ मध्ये बाजारभावाहून कमी वेतन पत्करून डॅलस संघ सोडला नाही, आणि एकूण २१ हंगाम तो तेथेच खेळला. लिलावात मात्र राखण्याचा हक्क संघाचा असतो, राहण्याचा हक्क खेळाडूचा नसतो. बोली लावणारे ठरवतात, आणि ज्याच्यावर बोली लागते तो वाट पाहतो. अशा राखण्याला ताबा म्हणावे. निष्ठा हा शब्द तेथे शोभत नाही.

म्हणून आमच्या मते मर्यादा असावी, सेवेची वर्षेही मोजली जावीत. पण त्या वर्षांतून निपजणारा हक्क आधी ज्याने ती वर्षे दिली त्याचा असावा. आपला संघ बरोबरीची रक्कम देण्यास तयार असेल, तर ‘राहतो’ किंवा ‘जातो’ हा शेवटचा शब्द खेळाडूचा असावा, एवढी तरतूद कोणत्याही थैलीला परवडणारी आहे. कोठे राहावे हे ज्याला कोणी विचारलेच नाही, त्याच्या राहण्याचे मोल रुपयांत मोजता येईल. त्याचा गौरव मात्र करता येणार नाही.