दोन टक्क्यांचे दान

कायद्याने करायला लावलेल्या दानाला दान म्हणावे का? २०१३च्या कंपनी कायद्यातल्या १३५व्या कलमाने हा प्रश्न आपल्यापुढे आणून ठेवला आहे. ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. त्या कामांच्या यादीत शिक्षणही आहे, म्हणून शाळांना गोष्टींची पुस्तके देणे कंपन्यांना सोयीचे पडते. गीतेचा सतरावा अध्याय परतफेडीची आशा न ठेवता, पात्र माणसाला, देणे कर्तव्य आहे म्हणून दिलेल्या दानाला सात्त्विक म्हणतो. फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले ते राजस. या हिशेबाने सक्तीचे दोन टक्के राजसातच बसायचे. गंमत म्हणजे परतफेडीची शंका सरकारलाही आली. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येणार नाही, असे २०२१च्या सुधारित नियमांत लिहिलेले आहे.

तरीही देणाऱ्याच्या मनाची ही झडती मला अपुरी वाटते. मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’ अहवालाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्केच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. उरलेल्यांना पुस्तक सात्त्विक हातांनी आले की राजस, याने काय फरक पडतो? शिवाय अक्षर एकदा दिले की देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. कंपनीने दिलेल्या पुस्तकावर वाचायला शिकलेली मुलगी उद्या त्याच कंपनीच्या बिस्किटपुड्यामागची बारीक अक्षरेही वाचणार. म्हणून विचारायचे ते हे, की देताना स्वतःकडे काय राखून ठेवले? अमेरिकेत पिझ्झा हटने १९८४ साली ‘बुक इट’ योजना काढली: महिन्याचे वाचन पुरे केले की एक छोटा पिझ्झा फुकट. तिथे गिऱ्हाईक राखून ठेवले होते. याउलट मुंबईतल्या ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेतून पुढे आलेल्या ‘प्रथम बुक्स’चे ‘स्टोरीवीव्हर’ हे मुलांच्या गोष्टींचे संकेतस्थळ घ्या. गूगलच्या दानशाखेने त्याला पैसे दिले, पण तिथल्या गोष्टी कुणीही उतरवून घ्याव्यात, आपल्या बोलीत आणाव्यात, छापाव्यात, असा खुला परवाना आहे. देणाऱ्याच्या हातात फारसे उरत नाही. हे दान मला चोख वाटते, हेतू काहीही असो.

पण एक गोष्ट इतक्या सहजी सुटत नाही. अमेरिकेतल्या पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालये उभी केली. १८९२ साली त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला संप मोडून काढला गेला, संघटना संपली, आणि १८९८मध्ये तिथेही त्याचे देखणे ग्रंथालय उघडले. बारा-बारा तास भट्टीपुढे उभे राहणाऱ्या माणसाने त्यात जायचे केव्हा? घरातल्या वाचनाचेही असेच आहे. पुस्तक विकत घेता येते, ते मांडीवर घेऊन बसणारे जागे माणूस विकत मिळत नाही. आईबापांनाच वाचता येत नसेल तर वेळ काय कामाचा, असे कुणी म्हणेल. पण चित्रावर बोट ठेवून ‘हा कोण?’ विचारायला आणि मुलाचे अडखळते वाचन ऐकायला अक्षरओळख लागत नाही, संध्याकाळ मोकळी लागते. ती कारखान्याच्या पाळीत अडकलेली असते.

कामाचे तास हा कामगार कायद्याचा विषय, दानाचा नव्हे, हा आक्षेप वजनदार आहे. स्वतःच्या माणसांचे भले करणे हे कंपनीचे देणेच आहे, त्याला दान म्हणवून घेऊ नये, म्हणून तर निव्वळ कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरत नाहीत. तत्त्व रास्त आहे. पण देणे थकवून दान करणाऱ्याला आपल्या परंपरेने कधी दानशूर म्हटलेले नाही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५च्या सप्टेंबरात कारखान्यांतले रोजचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्याची मुभा मंजूर केली. आठवड्याची मर्यादा आणि कामगाराची संमती या अटी आहेत, हे मान्य. तरी बारा तासांच्या दिवशी बाप घरी पोचेपर्यंत मूल झोपलेले असणार. त्या घरी कंपनीच्या पैशाने आलेले पुस्तक अहवालात मोजले जाईल, आणि ते वाचून दाखवायला कोण होते, याचा रकाना त्या अहवालात नसेल.