जिथे हार पोहोचत नाही तिथली स्वच्छता



दसऱ्याला आपण गाडी धुतो, पुसतो, झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर स्वस्तिक काढतो. खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुजण्याच्या जुन्या प्रथेत आता मोटारही आली आहे. कर्नाटक आणि तमिळनाडूत आयुधपूजेला, बंगाल आणि बिहारमध्ये विश्वकर्मा पूजेला हेच घडते. ज्या साधनामुळे आपले काम चालते त्याच्याविषयी कृतज्ञ राहावे, हा यामागचा भाव आहे.

आता एक करून पाहा. गाडी उभी असताना स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पुढच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या कमानीत डोकावून पाहा. पावसाळाभर चाकाने उडवलेला चिखल तिथे थापून बसलेला असतो. कोकणात तो तांबडा असेल, मराठवाड्यात काळा आणि चिकट. हार तिथवर पोहोचत नाही आणि बहुधा आपली नजरही पोहोचत नाही.

इथे दोन प्रश्न उभे राहतात. जे कुणालाच दिसत नाही, ते स्वच्छ ठेवणे हे आपले कर्तव्य आहे का? आणि एका जड वस्तूची एवढी काळजी घेणे ही आसक्तीच नव्हे का?

चिखल तिथे काय करतो?

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन लागतो. गाडीचा वरचा भाग उन्हात लवकर वाळतो. कमानीच्या दुमडलेल्या कडेत साचलेली माती मात्र कित्येक दिवस ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. समुद्रकिनारी हवेतल्या मिठामुळे हे आणखी लवकर होते.

प्रश्न पत्र्यापुरता नाही. याच जागेत ब्रेकचा रबरी पाइप असतो, शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग असते, सेन्सरची वायर असते. चाकाला गती देणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर रबरी बूट असतो. तो फाटला की आतले ग्रीस बाहेर येते, कचकच आत जाते आणि सांधा खराब होतो. चिखलाखाली पाइपची चीर दिसत नाही, बुटाची फाटही दिसत नाही.

म्हणून ‘कुणाला दिसत नाही’ याचा अर्थ ‘कुणाला फरक पडत नाही’ असा होत नाही. मागच्या सीटवर झोपलेले मूल आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजी, दोघेही आपण न पाहिलेल्या त्या पाइपवर विसंबून असतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते.

काळ्या थराचा मोह

काही जण गाडी विकण्याआधी कमानीत काळ्या कोटिंगचा फवारा मारून घेतात. गंज झाकला जातो, सगळे नवे दिसते. खरे तर कोटिंग वाईट नाही. पण आधी माती काढावी, जागा पूर्ण वाळवावी, गंज खरवडून प्राइमर लावावा आणि मगच कोटिंग करावे. गंजावरच थर चढवला तर ओल आत कोंडते आणि गंज थराखाली पसरत राहतो.

विकणारा म्हणेल, “मी कुठे खोटे बोललो? गाडी समोर होती, बघून घ्यायची.” वाणिज्य शाखेत आम्हाला १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हे तत्त्व शिकवतात. पण त्याच्याही आधीचा, १८७२ चा करार कायदा सांगतो की समोरच्याला फसवण्यासाठी माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे हीसुद्धा फसवणूकच आहे. तोंडाने एकही खोटा शब्द न उच्चारता हाताने खोटे बोलता येते. सत्याचे व्रत जिभेपुरते ठेवले, तर असे हात मोकळेच राहतात.

निगा की आसक्ती?

आता दुसरा प्रश्न. बॉनेटवर ओरखडा उठला की आपला अख्खा दिवस खराब होतो, पण ब्रेकचा पाइप वर्षभर पाहिलेला नसतो. ही आसक्ती. तिला गाडीपेक्षा गाडीमुळे आपण कसे दिसतो याची चिंता अधिक असते. निगा वेगळी. ‘निगा’ हा शब्द फारसी ‘निगाह’वरून आला, म्हणजे नजर. वस्तूला काय हवे आहे ते पाहणे, ही निगा.

आणि या कामाचे कौतुक कुठेही होत नाही. व्यवसायातल्या मोटारीवर आयकरात सहसा १५ टक्के घसारा धरतात. कमान धुतली तरी तेवढाच, नाही धुतली तरी तेवढाच. ज्या कामाची ना वहीत नोंद ना शेजाऱ्याची वाहवा, ते आपण कसे करतो, यावरून आपल्याला स्वतःची खरी ओळख होते.

आपण काय करू शकतो?

- गाडी थंड झाल्यावरच धुवा. तापलेल्या ब्रेक डिस्कवर गार पाणी मारू नका.
- आधी माती भिजू द्या. मग वरून खाली, मऊ ब्रशने काढा. दोन बादल्या पुरतात; पाइप सोडून ठेवू नका. पाणी वाया घालवून मिळवलेली स्वच्छता अपुरीच.
- जोराचा फवारा वायर आणि रबराच्या अगदी जवळ नेऊ नका. डिझेल किंवा रॉकेल वापरू नका. रबर फुगते आणि तेल गटारात जाते.
- कमानीतल्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या क्लिपा तपासा. आवरण सुटले तर ते टायरला घासते.
- शेवटी मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवत दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबा, म्हणजे ब्रेक वाळतील. चीर किंवा गळती दिसली, तर गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय चालवू नका.

वॉशिंग सेंटरला देत असाल, तर चारही कमानी नीट धुवायला सांगा आणि त्या वेळेचे पैसेही द्या. उकिडवे बसून चिखल काढणाऱ्या मुलाशी घासाघीस करून आपली पूजा पवित्र होणार नाही.

येत्या खंडेनवमीला हार आणण्याआधी चार चाकांना थोडा वेळ देऊ या. चिखल निघाल्यावर खाली जे दिसेल ते डोळे उघडे ठेवून पाहू या. गंज असेल तर तो झाकायचा नाही, दुरुस्त करायचा. आणि गाडी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याला तो स्वतःहून दाखवायचा.