मानवणं

शिंकांवरची गोळी घ्यायला औषधाच्या दुकानात गेले होते. काउंटरवरच्या मुलाने पट्टीबरोबर सिरपची एक बाटली पुढे सरकवली. "मॅडम, तुमची इम्युनिटी कमी झालीय. हे घ्या, वाढेल." बाटली परत केली, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

राग त्या मुलाचा नाही. करोनाच्या दोन वर्षांत पांढऱ्या पेशी, अँटिबॉडी, लस हे सगळं आपण घरबसल्या शिकलो, त्याची उजळणी करत नाही. पण त्याच काळात एक समजूतही पक्की झाली: प्रतिकारशक्ती ही पाण्याच्या टाकीसारखी असते आणि आजारी पडणं म्हणजे टाकी रिकामी होणं. मराठी शब्दातच 'शक्ती' बसलेली आहे, त्यामुळे आपण पहिल्यापासून ताकदीचाच विचार करतो. शिंका येतात? शक्ती कमी. अंगावर पुरळ उठलं? शक्ती कमी. या समजुतीशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते माझ्या वडिलांच्या कातडीवरून सुरू झालं.

अण्णा पुरंदर तालुक्यात शेती करायचे. पावसात भिजून आले तरी त्यांना सर्दी होत नसे. अशा माणसाच्या पापण्या एका वर्षी सुजल्या. मग मान, कोपराच्या लवणी, कानामागची कातडी, सगळं लाल होऊन पाझरायला लागलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत मानेची कातडी जाड, काळी, चामड्यासारखी झाली. रात्री ओलं फडकं गुंडाळून ते अंगणात बसून राहायचे. कारण होतं गाजरगवत. आपल्याकडे त्याची पुण्यातली नोंद १९५६ सालची, आणि अमेरिकेच्या गव्हातून ते आलं असं सगळे सांगतात. गावात कुणी म्हणे रक्त बिघडलं, कुणी म्हणे अंगातली ताकद गेली. दूध-तूप वाढवलं गेलं. आत्या मात्र एवढंच म्हणायची, "दादाला ते गवत मानवत नाही गं." मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. "आत्या, मानवत नाही वगैरे नसतं, ही ॲलर्जी आहे," असं मी तिला सांगितल्याचं चांगलं आठवतं.

गाजरगवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा रेणू इतका लहान की एरवी प्रतिकारयंत्रणा त्याची दखलही घेणार नाही. पण तो कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो, आणि ते जोडपं टी-पेशींच्या नजरेत भरतं. त्या पेशी ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. पुढे गवताची नुसती धूळ वाऱ्याने आली तरी एक-दोन दिवसांत त्या गोळा होतात आणि कातडी पेटते. धुळीची शिंक किंवा शेंगदाण्याने सुजणारे ओठ हा निराळा प्रकार. तिथे अँटिबॉडी आधीच तयार असतात आणि काम मिनिटांत होतं. गेल आणि कूम्ब्ज यांनी १९६३ साली अशा प्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले. अण्णांचा चौथा.

क्षयासाठी हातावर, कोपराच्या खाली टोचतात ती माँटू चाचणी याच चौथ्या प्रकारावर चालते. दोन-तीन दिवसांनी गाठ किती मिलिमीटर उठली ते मोजतात. एड्स बळावलेल्या माणसात, अंगात क्षयाचा जंतू असूनही, ही गाठ कित्येकदा उठतच नाही. प्रतिकार खरोखर कमी असतो तेव्हा असं होतं: कातडी गप्प राहते. अण्णांना शेवटी आराम पडला तो अझाथायोप्रीनने. किडनी बदललेल्यांना, नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून देतात तेच औषध. ते प्रतिकार दाबतं, म्हणून दर थोड्या दिवसांनी रक्त तपासावं लागायचं. शक्ती कमी केली आणि माणूस बरा झाला. सिरपवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

शक्तीच्या जागी मी दुसरा शब्द ठेवत आले: ओळख. शरीराने आपलं कोण, परकं कोण हे नीट ओळखायचं, आणि चुकलं की आजार. संधिवाताच्या तापात हे स्पष्ट दिसतं. घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसविरुद्ध उठलेला प्रतिकार मुलाच्या हृदयाच्या झडपांवर घसरतो, कारण जंतूचे काही भाग झडपेतल्या प्रथिनांसारखे असतात. घसा आठवड्यात बरा होतो, झडप मात्र जन्मभराची खराब होऊ शकते.

इथे बिब्ब्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. बिब्ब्याचं तेल लागून काहींच्या अंगावर फोड येतात, त्याला आपण 'बिब्बा उतला' म्हणतो. दूध उतू जातं, तसं. १९०६ साली फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी ग्रीक शब्द जोडून 'ॲलर्जी' हा शब्द घडवला, त्याला आता शंभरावर वर्षं झाली. पण उतण्यात जे आहे ते त्यात नाही. दूध कमी पडलं म्हणून कधी उतू जात नाही. आणि त्याच बिब्ब्याच्या आतली गोडंबी, कवचातल्या तेलापासून सोडवून, बाळंतिणीच्या लाडवात पडते.

माझा 'ओळख' हा शब्द लंडनच्या भाचीच्या एका फोनने डळमळला. तिच्या बाळाला एक्झिमा होता आणि कुणीतरी सांगितलं होतं, तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा दाखवू नकोस. एकेकाळी तिकडे सल्लाच तसा होता. मग लंडनमध्ये तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेऊन तो तपासला गेला. निम्म्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत वर्ज्य. २०१५ साली निष्कर्ष आला: टाळणाऱ्यांत शंभरातल्या सतरांना शेंगदाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्यांत तिघांना. भाचीला म्हटलं, डॉक्टरांना विचारून कूट पातळ करून दे, अख्खा दाणा नको.

फोन ठेवला आणि जाणवलं की शेंगदाणा तर परकाच. जेवणातला प्रत्येक घास परका. खाणाऱ्या बाळांच्या शरीराने तो आपला मानला नाही. परका आहे हे कळूनही ते त्याच्यावर तुटून पडलं नाही. मग प्रश्न ओळखीचा उरतो कुठे? शिमोन साकागुची यांनी १९९५ साली अशा टी-पेशी दाखवल्या ज्या इतर पेशींना आवरतात. मेरी ब्रंकाओ, फ्रेड रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. या पेशी घडवणारं फॉक्सपी-३ जनुक जन्मतःच बिघडलेली मुलं असतात. त्यांचं शरीर स्वतःच्या आतड्यावर, स्वादुपिंडावर उठतं, आणि त्याच मुलांना एक्झिमा आणि अन्नाची ॲलर्जीही होते. आपल्यावर उठणं आणि परक्यावर उठणं, दोन्ही एकाच लगामाच्या तुटण्याने. माझी आपलं-परकं ही विभागणी इथे टिकत नाही. कुणाला ओळखलं यापेक्षा ओळखूनही कुणाला सोसलं, हे शरीराचं मोठं काम दिसतं. आणि सोसण्याला, रुचण्याला, अंगी लागण्याला मिळून आत्याकडे एक शब्द होता. तो मी खोडून काढला होता.

अण्णा आता नाहीत. वावर आम्हीच बघतो. दर पावसाळ्यात गाजरगवत फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटते. मला आजवर काही झालेलं नाही. अण्णांनाही पहिली बारा वर्षं काही झालं नव्हतं.