अभयदान आणि पेटीतला साप

अभयदान म्हणजे दुसऱ्या जिवाला आपल्याकडून भय उरणार नाही, अशी हमी. महाभारताच्या आदिपर्वात आस्तिक ऋषी जनमेजय राजाचे सर्पसत्र, म्हणजे सापांची आहुती देणारा यज्ञ, थांबवतो, ते याच दानाचे थोर उदाहरण. जैन परंपरा तर सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानते. मग ज्याने सापाला पेटीत कोंडले, त्यालाच हे दान देता येते का?

अमेरिकेत हौसेने पाळल्या जाणाऱ्या कॉर्न स्नेक या सापाचे पिल्लू जेमतेम पेन्सिलीएवढे जाड असते. रानात पक्षी त्याला टिपतात, म्हणून उघडी जागा त्याला धोक्याची वाटते. मोठ्या, रिकाम्या पेटीत ते काचेला नाक घासत फिरते, शेपूट थरथरवते, खाणे सोडते. अंगाला चहूबाजूंनी टेकेल अशी अरुंद कपार मिळाली, की वेटोळे घालून निवांत पडते. कपारी दोन हव्यात, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. एकच असली तर ऊब की आडोसा, असा पेच पिल्लापुढे पडतो. नव्या पिल्लाला साधारण आठवडाभर हात लावू नये. खाल्ल्यावरही दोन दिवस नाही.

इथे अभय देणे म्हणजे मुख्यतः हात आवरणे. माया माणसाला सुखावते. सापाला हवा असतो आडोसा. कोंडणे मात्र यातून पुसले जात नाही, म्हणून हे दान अपुरेच. पण पेटीत जन्मलेले पिल्लू परक्या रानात सोडणे हेही अभय नव्हे: ते स्वतः मरेल किंवा तिथल्या जिवांवर उठेल. रानातून धरून आणलेल्या सापाची गोष्ट वेगळी; त्याचे अभय त्याच्या बिळातच आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, अजगर पाळायला बंदी आहे.