न मोजलेली मते

स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात उंटरबेख नावाचे एक लहानसे डोंगरी खेडे आहे. वस्ती परंपरेने कॅथलिक. या खेड्याला ‘स्विस स्त्रीची रूत्ली’ असे बिरुद मिळाले आहे. रूत्ली म्हणजे सरोवरकाठचे ते कुरण, जिथे स्विस संघराज्याची शपथ घेतली गेली असे परंपरा मानते.

मार्च १९५७ मध्ये त्या देशात सार्वमत होते. नागरी संरक्षणाची सेवा स्त्रियांवरही सक्तीची करावी की नाही, हा प्रश्न होता. आणि स्त्रियांना मताधिकारच नव्हता! ओझे त्यांनी वाहायचे आणि ते किती असावे हे मात्र पुरुषांनी ठरवायचे. उंटरबेखच्या ग्रामपरिषदेला हे पटले नाही. वरिष्ठ सरकारांचा विरोध असतानाही तिने आपल्या स्त्रियांना मतदानास पाचारण केले. ८४ पैकी ३३ जणी आल्या. पहिले मत टाकले ग्रामप्रमुखांच्या पत्नी कॅथरिना झेनह्यूसर्न यांनी. त्यांच्या मतांसाठी पेटी निराळी होती आणि निकालात ती मते धरली गेली नाहीत.

जे मोजले जाणार नाही हे ठाऊक आहे, ते का करावे? व्यवहार म्हणेल, हा वेळेचा अपव्यय. परंतु मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्या दानाने मंदिराच्या खजिन्यात काय भर पडली असेल? प्रभूने मात्र नेमके तेच दान पाहिले. मला वाटते, सदसद्विवेकाने केलेली कृती परिणामाच्या हमीची वाट पाहत नाही. त्या ३३ जणींनी कायदा बदलला नाही. आम्हांला विचारल्यावाचून आमच्याविषयी ठरवू नका, एवढेच त्यांनी हाताने सांगितले.

आपल्याला इथे थोडे अंतर्मुख व्हावे लागते. मतदान हे स्त्रीचेही कर्तव्य आहे, असे पोप बारावे पायस यांनी १९४५ सालीच सांगितले होते. भारतात तर १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आयाआज्यांनी मते दिली होती. तरीही स्वित्झर्लंडच्या पुरुषांनी १९५९ साली स्त्रियांचा मताधिकार नाकारला आणि १९७१ साली तो दिला. आपेनझेल इनररोडन या कॅथलिक प्रांताने तर प्रांतिक मताधिकार १९९० पर्यंत अडवून धरला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. धर्मगुरूंचे धर्मगुरू बोलले, तरी शेजारच्या घराचा रिवाज अधिक मोठा ठरतो, तो असा.

आणि त्या उरलेल्या ५१ जणी? त्यांना भित्र्या म्हणण्याची घाई मी करणार नाही. कुणाला घरचा विरोध असेल, कुणाला सरकारचा निर्बंध मोडणे अयोग्य वाटले असेल, कुणाला हा हक्क मनापासून नकोही असेल. त्यांनाही त्यांचा सदसद्विवेक होता. मात्र न येण्याचा निर्णय आयुष्यात प्रथमच त्यांचा स्वतःचा होता. कारण त्या दिवशी त्यांना बोलावणे आले होते.